दोहा ते ऑकलंड, दीड वीत

शुक्रवार, ७ जून २०२४
अल हिलाल, दोहा

सकाळी साडीच्या फॉलचा दोरा घेतला आणि पृथ्वीगोलावर दोहापासून ऑकलंडपर्यंत ताणून धरला. अठरा वर्षं शाळेत मुलांकडून हेच करून घेतलं. सपाट नकाशावर फूटपट्टी ठेवायची नाही, विमान गोलावरून जातं. दोरा केरळवरून, श्रीलंकेवरून गेला, मग नुसतं पाणी, मग अख्खा ऑस्ट्रेलिया आडवा, आणि मग गार्गी, माझी लेक. उचलून मोजला तर दीड वीत भरला. किलोमीटरमध्ये साडेचौदा हजार, थेट विमानाने सोळा तास.

गार्गीची बाळंतपणाची तारीख बारा ऑगस्ट आहे. त्या दिवशी मी तिथे असायला हवी. हे लिहून ठेवते आहे, म्हणजे उद्या गुडघे कुरकुरायला लागले की मला पळवाट काढता येणार नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. फोनवर बोलत नव्हती, नुसता श्वास ऐकू येत होता. मी विचारलं, "येऊ का?" ती म्हणाली, "नको आई, सिक्स्टीन अवर्स आहे, तुझ्या बोर्डाच्या परीक्षा आहेत." आणि मी ते ऐकलं. विचारायचंच नव्हतं, उठून विमानात बसायचं होतं. त्याच मार्चमध्ये मी निवृत्त झाले, शाळेने शाल दिली, आणि परीक्षा काय माझ्याविना अडणार नव्हत्या हे तेव्हा कळलं. गार्गीने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

गुरुप्रसाद चहा घेऊन आले. (शुक्रवारी चहा त्यांचा. बाकी सहा दिवस मीठ कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नसतं.) दोऱ्याकडे बघून म्हणाले, "जा तू. जुलैतच जा. आणि चांगली दोन महिने राहा." लग्नाला बत्तीस वर्षं झाली, दोन महिने राहा असं हा माणूस मला माहेरी जातानाही कधी म्हणाला नव्हता. मला जरा लागलंच.


मंगळवार, ११ जून

तिकीट झालं. बापलेकीने परस्पर काढलं, मला शेवटी कळवलं. गार्गीने मेलवर पाठवलं, गुरुप्रसादनी छापून आणलं. अठरा जुलै, सकाळी आठ. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑकलंड. सोळा तास प्रवासाचे आणि नऊ तास घड्याळाचे.

"परतीचं पान कुठंय?" मी विचारलं.

"ते मेलमध्ये आहे. तारीख पुढेमागे होईल म्हणून छापलं नाही. एकवीस सप्टेंबर धरून चाल."

परतीला सतरा तास वीस मिनिटं लागतात. वारा समोरून असतो. अंतर तेवढंच, पण घरी यायला जास्त वेळ, हे सहावीच्या पोरांना पटवताना माझी दमछाक व्हायची.


शनिवार, १५ जून

उद्या ईद. गुरुप्रसादना आठवडाभर सुटी. सव्वीस वर्षांत ईदला एवढी सलग सुटी पहिल्यांदा. रास लफानच्या गॅस प्लांटला सणवार नसतो, शिफ्ट लागली की लागली.

दुसरं नवल म्हणजे सुटीनंतर त्यांना शहरातच, वेस्ट बेच्या ऑफिसला बसायचं आहे, काही कागदपत्रांचं काम आहे म्हणे. म्हणजे पहाटे पावणेपाचची बस नाही, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर नाहीत. मी म्हटलं, "चला, म्हातारपणी तरी एसीत बसवलं." ते हसले. गुरुवारी प्लांटवरून एक खोकं घेऊन आले, त्यात हेल्मेट, सेफ्टी शूज, माझा जुना चहाचा मग, कॅल्क्युलेटर आणि काचेचं एक मानचिन्ह, वर त्यांचं नाव आणि सव्वीस वर्षं कोरलेलं. पंचविसाव्या वर्षी काही दिलं नाही, सव्विसाव्याला जाग आली. कंपन्यांचं गणित मला कधी कळलं नाही. मानचिन्ह टीव्हीजवळ ठेवलं, तर संध्याकाळी ते पुन्हा खोक्यात. "धूळ बसते," म्हणाले. घरात धूळ बसते हे यांच्या लक्षात आलं, हीच या ईदची मोठी बातमी.


मंगळवार, २५ जून

डिंक तळून पाय भरून आले. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि मी आत डिंक तळते आहे. गार्गीसाठी मेथीचे आणि डिंकाचे, दोन डबे. अळीव नेता येणार नाही, तिकडे बी-बियाण्यांना बंदी आहे. गार्गीने सात वेळा बजावलं, "आई, जे आहे ते फॉर्मवर लिही. लपवू नकोस, प्लीज."

यांच्यासाठी दोन महिन्यांचे साठ लाडू करणार होते, रोजचा एक.

"वीस पुरेत," म्हणाले.

"आणि पुढचे चाळीस दिवस?"

"गोड कमी करायला सांगितलंय ना डॉक्टरने."

कुठल्या डॉक्टरने, कधी, काही नाही. मी तीस केले. वाद घालायलाही अंगात जोर लागतो.


बुधवार, ३ जुलै

भाजीला गेले होते. दुकानात बाजीराव भेटले, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. कोरेगावकडचे. चौदा वर्षं पहाटे पावणेपाचला आमच्या खाली त्यांचा हॉर्न वाजतो. म्हणजे वाजायचा. बायको फुलाबाई आणि पोरं गावी, इथे इंडस्ट्रियल एरियात चौघांत एक खोली.

मला बघून हातातली पिशवी खाली ठेवली. "वैनी, सायेब बरं हाईत न्हवं?"

"बरे आहेत की. आता वेस्ट बेला जातात."

त्यांनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "सायबांस्नी सांगा, काय बी लागलं तर आमची खोली हाय. लाजायचं न्हाई. कालवण-भाकरी काय, आमच्यासंगंच हुईल."

मी हसले. मी नसणार हे बसमध्ये सगळ्यांना सांगून झालेलं दिसतंय, बायको जाणार म्हणून साहेब उपाशी मरणार! घरी येऊन गुरुप्रसादना सांगितलं, "बाजीरावांनी तुम्हाला खोलीवर बोलावलंय राहायला." वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "भला माणूस आहे."


बुधवार, १० जुलै

बॅगा भरते आहे. भरायच्या, वजन करायचं, पुन्हा उपसायच्या. गुरुप्रसाद यात इतकं लक्ष घालताहेत की मला दोन माणसांचं काम पडतंय. मी ठेवलेले चार स्वेटर काढून त्यांनी त्यात फोटोंचे तीन अल्बम घातले. "गार्गीला दाखव, बाळंतपणात बघत बसेल." माझी सर्टिफिकिटांची फाईल घातली. ती कशाला? "तिकडे शिकवण्या मिळाल्या तर?" साठीला आलेली बाई दोन महिन्यांत ऑकलंडमध्ये शिकवण्या घेणार! मी म्हटलं, उन्हात डोकं तापलंय तुमचं.

मग देवघरातला बाळकृष्ण आणून पुढ्यात ठेवला. माझ्या आईने लग्नात दिलेला. बत्तीस वर्षं तो देवघरातून हलला नाही, आणि देवघरापुढे हा माणूस दिवाळीलासुद्धा मी ओरडल्याशिवाय उभा राहिला नाही.

"बारशाला पाळण्यात आधी बाळकृष्ण घालतात ना? मग आपलाच असू दे."

मला भरून आलं. आजोबा होण्याच्या कल्पनेने माणूस हळवा झालाय. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

पृथ्वीगोल मात्र न्यायचा नाही म्हणाले, जागा खातो. "त्याची काळजी मी घेतो."


गुरुवार, १८ जुलै
दोहा विमानतळ

गुरुप्रसाद आत जाऊ देतात तिथपर्यंत आले. मी सूचना दिल्या: तुळशीला सकाळीच पाणी, दुपारी घातलं तर मुळं उकडतात. गॅस बंद. राजश्रीकडे किल्ली. (राजश्री म्हणजे समोरच्या दारातली, तिची इडली चांगली असते, बोलावलं तर जा.) त्यांनी सगळ्याला हो म्हटलं. एकदाही "माहितीये मला" म्हणाले नाहीत.

निघताना म्हणाले, "घर बघून घेतलंस ना नीट?"

"गॅस दोनदा बघितला."

"तसं नाही." मग म्हणाले, "बरं, जा. उशीर होईल."

सोळा तास एका खुर्चीत. घाबरले आहे, हे इथेच लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.


शनिवार, २० जुलै
ऑकलंड

पोचले. पायांचे दुधी झालेत. सोळा तास पाच मिनिटं लागली. त्यात तीन वेळा जेवण आलं आणि दर दोन तासांनी मी स्वैपाकघराच्या पडद्यापर्यंत फेरी मारली. ऑस्ट्रेलियावरून चार तास चाललो होतो तरी संपेना. गोलावर तो चार बोटं आहे.

फॉर्मवर सगळं खरं लिहिलं. तिथल्या बाईने डबा उघडला, लाडवाचा वास घेतला आणि विचारलं, हे कशासाठी. मी म्हटलं, मुलीला बाळ होणार आहे. मेथीचा डबा ठेवून घेतला, डिंकाचा दिला. रागावता येईना, कारण बाई हसून बोलत होती.

बाहेर गार्गी उभी होती. पोट केवढं! जवळ घेतलं तर मधे बाळ.  शौनक, माझा जावई, बॅगा धरून शहाण्यासारखा लांब उभा राहिला.


शुक्रवार, २ ऑगस्ट

झोपेचं खोबरं झालंय. इथे दुपार झाली की दोह्यात पहाट होते, आणि माझं शरीर अजून तिकडेच आहे.

गुरुप्रसादशी बोलले. आवाज घुमत होता.

"बाथरूममध्ये आहात का?"

"नाही, हॉलमध्ये."

"मग घुमतंय का?"

"पडदे धुवायला काढलेत."

पडदे! मी दोनदा विचारलं, बरे आहात ना. बरा आहे म्हणाले. माझ्यामागे घराची साफसफाई काढणारा नवरा मला हवाच होता, तीस वर्षं उशिरा मिळाला. राजश्रीला मेसेज केला, यांच्याकडे लक्ष ठेव. तिने नुसतं जोडलेल्या हातांचं अंगठ्याएवढं चित्र पाठवलं.


रविवार, ११ ऑगस्ट

काल सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. तीन किलो शंभर. गार्गी अकरा तास कळा देत होती. एकदा माझा हात धरून म्हणाली, "आई, डोन्ट गो." मी म्हटलं, मी कुठे जाते. दीड वीत आले मी त्यासाठीच.

मी होते. एवढंच मला लिहायचं आहे. या वेळी मी तिथे होते.

गुरुप्रसादना फोन लावला. त्यांना रडताना मी आयुष्यात दोनदा ऐकलं, ही दुसरी वेळ. मागे कुणीतरी खोकलं, आणि मिरचीच्या फोडणीचा चर्र आवाज. "टीव्ही," म्हणाले. टीव्हीवर कसली फोडणी टाकतात कोण जाणे. मला विचारायचंही सुचलं नाही, डोळे मिटत होते.


गुरुवार, २२ ऑगस्ट

काल बारसं. पाळणा शौनकने भाड्याने आणला. आधी बाळकृष्ण पाळण्यात, मग बाळ. नाव ईश्वरी. पाळणा मीच म्हटला, दोन कडव्यांनंतर शब्द विसरले आणि एकच कडवं तीनदा म्हटलं. कुणाला कळलं नाही.

आजोबा व्हिडिओवर होते. निळा शर्ट, इस्त्री केलेला, पण त्यांनी स्वतः केलेली, कारण कॉलर वाकडी. मागे लोखंडी दुमजली पलंग दिसत होता, वरच्या बाजूला टॉवेल वाळत घातलेला.

"कुठे आहात?"

"बाजीरावकडे आलोय. त्यांनी भाकरी केलीय आज." मागून बाजीरावांनी हात जोडले, "वैनी, अभिनंदन! नात झाली, लक्ष्मी आली!"

बुधवारी, भर कामाच्या दिवशी, सकाळी नऊला भाकरी? वेस्ट बेचं ऑफिस फारच उदार झालेलं दिसतंय. गार्गीने फोन माझ्या हातून घेतला आणि बाळाकडे वळवला.

दिवसातून आठ वेळा लंगोट, चार वेळा वाटी-चमच्याने दूध, दोनदा शेक. मला कंटाळा आलेला नाही, पण थकवा आला आहे. रात्री बाळ, दिवसा आई. मला माझं घर आठवतं. माझी खुर्ची, माझी खिडकी, खिडकीतून दिसणारी ती समोरची निळी टाकी.


शनिवार, ७ सप्टेंबर

आज गणपती. काल रात्रीच यांना आठवण करून दिली होती, मूर्ती आणली का. सव्वीस वर्षांत आपला गणपती एकदाही चुकला नाही, अगदी गार्गीला कांजण्या होत्या तेव्हाही.

"या वर्षी नको, विभा. मंडळाच्या गणपतीला जाऊन येईन."

"का नको?"

"नको म्हटलं ना."

 आजारी असावेत, लपवत असावेत. लाडू वीस, गोड बंद, डॉक्टर! मी ठरवलं, लवकर जायचं. तारीख बदलता येते म्हणाले होते. गार्गी झोपली होती, तिचा लॅपटॉप उघडा होता, तिकिटाचं ते दुसरं पान शोधलं.

ऑकलंड ते दोहा, सतरा तास वीस मिनिटं. दोह्यात थांबा, दोन तास चाळीस मिनिटं. दोहा ते मुंबई, तीन तास वीस मिनिटं.

मी ते चार वेळा वाचलं. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं तिकीट आहे.


रविवार, ८ सप्टेंबर

काल गार्गीने सगळं सांगितलं, बाळाला पाजता पाजता.

तीन जूनला यांना पत्र मिळालं. प्लांटवरची माणसं कमी केली, त्यात हे. जुलैअखेर नोकरी संपली आणि पुढच्या आठवड्यात कंपनीचं घरही गेलं. त्यांचा परवाना संपला की माझाही संपतो, मी त्यांच्यावरच अवलंबून तिथे राहत होते. एकवीस सप्टेंबरला मी दोह्यात उतरेन ती नुसती विमान बदलायला.

"आई, आय टोल्ड हिम की हे चूक आहे. बट बाबा म्हणाले, तिला कळलं तर ती येणार नाही."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"बाजीरावकाकांना. राजश्रीमावशीला पण, शेवटी शेवटी."

डायरी पुन्हा पहिल्यापासून वाचली. खोकं, मानचिन्ह, वीस लाडू, पडदे, दुमजली पलंग. सगळं माझ्याच अक्षरात. साडेचौदा हजार किलोमीटर मी दोऱ्याने मोजले आणि समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे माझं लक्ष गेलं नाही. माझा फार संताप झालाय. त्यांच्यावर, आणि माझ्यावर त्याहून.

चार फोन आले. घेतले नाहीत.


बुधवार, ११ सप्टेंबर

आज घेतला.

"मला कधी सांगणार होतात?"

"मुंबईत उतरल्यावर."

"माझी तुळस?"

"राजश्रीच्या गॅलरीत. सकाळीच पाणी घालते, मी सांगितलंय."

"माझी खुर्ची?"

"हमीद म्हणून एक जण बाजीरावच्या खोलीत आहे, त्याला दिली. त्याची पाठ दुखते."

"गोल?"

"तो आहे. बाजीरावच्या कपाटावर आहे. खोलीतली पोरं खेळतात त्याच्याशी, आपापलं गाव शोधतात. कोरेगाव त्यावर नाही म्हणून बाजीरावने पेनाने ठिपका दिलाय. तू रागावशील म्हणून सांगून ठेवतो."

मला रडू आलं ते त्या ठिपक्यावरून. घर गेलं, ते मला न दाखवता आवरलं गेलं, आणि मी रडले ठिपक्यासाठी. मी म्हटलं, "मी बघून तरी घेतलं असतं हो. सव्वीस वर्षं. तुम्ही मला निरोपसुद्धा घेऊ दिला नाहीत."

"सांगितलं असतं तर गेली असतीस तू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गेल्या वर्षी तू गेली नाहीस," ते म्हणाले, "आणि त्यानंतर वर्षभर तू झोपली नाहीस. बाजूला पडलेला माणूस काय झोपेत असतो, असं वाटलं का तुला? या वेळी मी तुला घरात ठेवणार नव्हतो. काहीही झालं तरी."

 मग म्हणाले, "मी चौदाला आपल्या गावी, नाशिकला जातोय. तू मुंबईला उतरलीस की घ्यायला असेन."

त्यांनी केलं ते चूकच. पण मी गेले नसते, हे खरं आहे.


शुक्रवार, २० सप्टेंबर

बॅग भरली. गार्गीने ईश्वरीचं एक झबलं वर ठेवलं, बाबांना दे म्हणाली. बाळकृष्ण इथेच ठेवून जाते. पाळण्याच्या उशाशी बरा दिसतो, आणि मला सध्या देवघर नाही.

गार्गी म्हणाली, "आई, तू आलीस म्हणून..." आणि पुढचं तिला मराठीत येईना, इंग्रजीतही येईना. मी म्हटलं, कळलं.


शनिवार, २१ सप्टेंबर
दोहा विमानतळ, मुंबईच्या विमानाचं गेट

सतरा तास वीस मिनिटं. पाठ अशी झालीय की खुर्चीतून उठताना शेजारच्या माणसाने हात दिला.

उतरताना विमान कलंडलं तेव्हा वेस्ट बेचे टॉवर दिसले, मग समुद्राची कड, मग खालची पिवळट घरं. मी आमची निळी टाकी शोधत होते. निळ्या टाक्या शेकडो आहेत, हे सव्वीस वर्षांत खिडकीतून कधी कळलं नाही. इथून अल हिलाल गाडीने पंधरा मिनिटं. बाणाच्या पाटीवर "ट्रान्सफर" लिहिलं होतं, मी मुकाट्याने त्या बाजूला वळले. बाहेर जायच्या रांगेकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं, खोटं कशाला लिहू.

गेटवर आले तर कोपऱ्यातल्या खुर्चीत गुरुप्रसाद. निळा शर्ट, वाकडी कॉलर. मांडीवर पारदर्शक पिशवीत पृथ्वीगोल.

"तुम्ही नाशिकला गेलात ना?"

"नाही गेलो. आजपर्यंत राहायला परवानगी होती, तिकीट तुझ्याच विमानाचं काढलं. म्हटलं, तू दोह्यात एकटी बसशील दोन तास चाळीस मिनिटं."

"पुन्हा खोटं बोललात."

"हे शेवटचं."

"आणि हा सिक्युरिटीतून सोडला?"

"त्याने फिरवून फिरवून बघितला. आत काय आहे विचारलं. म्हटलं, काही नाही, बायकोचा आहे." मग सरकून मला जागा केली. "किती तास झाले?"

"सतरा तास वीस."

"दमलीस?"

"खूप."

"मी पण," म्हणाले.

झबलं दिलं. त्यांनी ते उलगडलं, तळहातावर पसरून बघितलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. पाच मिनिटांत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. दुमजली पलंगावर किती झोप लागली असेल कोण जाणे. भांडायचं आहे मला, नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पण ते भांडण नाशिकला पोचल्यावर. आत्ता अंगात जोर नाही.

गोल माझ्या मांडीवर घेतला आहे. साताऱ्याच्या अंदाजाने दिलेला निळ्या पेनाचा ठिपका आहे, जरा चुकून कर्नाटकात गेलाय. पर्समध्ये फॉलचा दोरा होता, पण काढला नाही, खांदा हलला असता. बोटांनीच मोजलं. दोहा ते मुंबई, तीन बोटं. विमानाला बोलावतील तेव्हा उठवीन त्यांना. अजून पन्नास मिनिटं आहेत.